गुलाल उडण्याआधी निकालाचा ताळा

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. तिथे २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचपदाची निवडणूक झाली आणि कुलदीप सिंग विजयी ठरले. हरलेले उमेदवार मोहित कुमार यांचे म्हणणे असे, की ६९ क्रमांकाच्या बूथवर दोघांच्या मतांचे आकडे एकमेकांच्या नावापुढे लिहिले गेले. ते कोर्टात गेले. २२ एप्रिल २०२५ ला पानिपतच्या निवडणूक न्यायाधिकरणाने त्या एका बूथच्या फेरमोजणीचा आदेश दिला. १ जुलैला उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ३१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सगळी मशीन थेट दिल्लीला मागवली. ६ ऑगस्टला न्यायालयाच्या अधिकाऱ्यासमोर, दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत, व्हिडिओ चित्रण करत सर्व बूथची मते पुन्हा मोजली गेली. एकूण मते ३,७६७. मोहित कुमार १,०५१, कुलदीप सिंग १,०००. ११ ऑगस्टला न्यायालयाने मोहित कुमार यांना सरपंच जाहीर करायला सांगितले. पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे तोवर सरली होती.

या प्रकरणात मशीनमधले आकडे शाबूत होते, म्हणून तर तीन वर्षांनीही खरे उत्तर निघाले. चूक झाली ती माणसाच्या हातून, कागदावर आकडा उतरवताना. आपल्याकडे निकालावर शंका आली की बोलणे लगेच हॅकिंगवर जाते आणि टेबलावरच्या साध्या पत्रकाकडे कोणी बघत नाही. गावपातळीवरच्या निवडणुकीत खरा धोका त्या पत्रकात आहे, आणि तो ओळखायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. पेन, वही आणि जागेवरून न उठणारा एक माणूस लागतो.

हिंगोली जिल्ह्यात साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी इथे नगरपरिषदा, सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायती, वर जिल्हा परिषद आणि पाच पंचायत समित्या. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात काहीशे मतदार असतात. दोन-चार मतांनी माणूस पडतो, समान मते पडली तर चिठ्ठी काढून निकाल लागतो. लोकसभेच्या निकालात एका बूथवरच्या पन्नास मतांची चूक बुडून जाईल. गावात तीच चूक सरपंच बदलते. म्हणून हा लेख उमेदवारांसाठी आहे, त्यांच्या एजंटांसाठी आहे, आणि निवडणुकीला उभे न राहिलेल्या पण निकाल नीट लागावा असे वाटणाऱ्या मतदारांसाठीही आहे.

हाताने मोजायला कागद आहे कुठे?

विधानसभा आणि लोकसभेला मशीनशेजारी व्हीव्हीपॅट असते. बटण दाबल्यावर सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खालच्या पेटीत पडते. ती हाताने मोजता येते. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद या निवडणुका मात्र भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. या आयोगाने २०२५ मध्ये स्पष्ट केले, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांत व्हीव्हीपॅटची तरतूद नाही, आणि एका मतदाराने अनेक जागांसाठी मत द्यायच्या मशीनला जोडता येईल असे व्हीव्हीपॅट अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीत निकालानंतर कोणी ‘चिठ्ठ्या मोजा’ म्हणाले, तर मोजायला चिठ्ठ्याच नाहीत. मशीनचे रिझल्टचे बटण दहा वेळा दाबले तरी तेच आकडे येतील.

मला ही मोठी उणीव वाटते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मतदानयंत्रांबाबत निकाल देताना जी कसोटी लावली ती मला पटते: निवडणुकीचा प्रत्येक महत्त्वाचा टप्पा सामान्य नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसतानाही, तपासता आला पाहिजे. आपल्या गावच्या निवडणुकीत मत नोंदवले जाण्याचा टप्पा असा तपासता येत नाही. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे टप्पे तपासता येतात, आणि तेवढे तरी आपण करतो का? बहुतेक ठिकाणी नाही. एजंट दुपारी जेवायला जातो आणि संध्याकाळी सील लावताना प्रचाराच्या गाडीत असतो.

मतदानाच्या दिवशी

फेरमोजणीची लढाई मतमोजणीच्या दिवशी जिंकता येत नाही. तिचा पुरावा मतदानाच्या दिवशीच हातात घ्यावा लागतो.

स्थानिक निवडणुकीत मतदान साधारण सकाळी साडेसातला सुरू होते. त्याआधी केंद्राध्यक्ष एजंटांसमोर मॉक पोल घेतात: प्रत्येक उमेदवाराला काही मते देऊन बघायची, निकाल काढायचा, जुळला की मशीन क्लिअर करायचे. तुमचा एजंट त्या वेळी हजर असलाच पाहिजे. मॉक पोलमध्ये स्वतःच्या उमेदवाराचेच बटण दाबून समाधान मानू नका. प्रत्येक जागेचे प्रत्येक बटण, नोटासकट, एकदा तरी दाबले जाऊ द्या. कोणाला किती दिली ते वहीत लिहा आणि निकालाशी ताडून पाहा. मग क्लिअर केल्यावर मशीनवर शून्य दिसले का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मॉक पोलची मते पुसायची राहून जाणे ही निवडणुकीतली नेहमीची चूक आहे. घाईत आणि अपुऱ्या झोपेत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून ती होते. त्या सकाळी पाच मिनिटे लक्ष दिले तर पुढचे पाच महिने वाचतात.

यानंतर कंट्रोल युनिट आणि बॅलेट युनिटचे क्रमांक, कागदी सीलचा क्रमांक वहीत उतरवा. सीलवर एजंटाला सही करता येते, ती करा. मशीन मध्येच बंद पडून बदलले गेले तर वेळ, जुन्या मशीनवरची एकूण संख्या आणि नव्या मशीनचा क्रमांक लिहा.

दिवसभराचे काम एकच: किती मतदारांनी मतदान केले याची स्वतःची मोजणी. एजंटाकडे मतदार यादी असतेच. नाव पुकारले की खूण करायची. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष टक्केवारी कळवतात, तेव्हा तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा सोबत ठेवा. एक-दोनचा फरक तुमच्या नजरचुकीने पडू शकतो. पंधराचा फरक पडला तर तिथेच, शांतपणे, केंद्राध्यक्षांना विचारा. ते मतदान थांबवून हिशेब देणार नाहीत, पण प्रश्न किती वाजता विचारला हे तुमच्या वहीत येईल.

संध्याकाळी मतदान संपले की केंद्राध्यक्ष मशीन क्लोज करतात आणि नोंदवलेल्या मतांचा हिशेब भरतात. सगळ्या दिवसातला हा सर्वात मोलाचा कागद. त्यात मतदार नोंदवहीप्रमाणे किती जण आले, सही करूनही कितींनी मत दिले नाही, मशीनवर किती संख्या दिसते हे असते. त्याची प्रत मागून घ्या. हातात प्रत आली नाही तर ते आकडे जसेच्या तसे वहीत उतरवून केंद्राध्यक्षांना वाचून दाखवा आणि ‘बरोबर आहे ना सर?’ असे विचारून घ्या. हळद घेऊन हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गेलेला शेतकरी काट्यावरचा आकडा स्वतः पाहतो आणि पट्टीवर तोच उतरला का हे बघितल्याशिवाय उठत नाही. बूथवर तेवढीच सावधगिरी पुरेशी आहे.

मशीन पेटीत बंद करून सील होईपर्यंत एजंटाने हलायचे नाही. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीने हे का महत्त्वाचे ते दाखवले. हिंगोली नगरपरिषदेसह राज्यभर २ डिसेंबरला मतदान झाले, दुसऱ्या दिवशी मोजणी होती. पण काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकदमच, २१ डिसेंबरला, घ्यायला सांगितली. एकोणीस दिवस मशीन स्ट्राँगरूममध्ये. अनेक गावांत कार्यकर्ते बाहेर पहारा देत बसले. ज्याच्या वहीत सीलचे क्रमांक होते, त्याला २१ तारखेला अर्ध्या मिनिटात खात्री करता आली. ज्याच्याकडे क्रमांक नव्हते, त्याच्या पहाऱ्यातून हाती शंकेशिवाय काही लागले नाही.

मोजणीच्या टेबलावर

ग्रामपंचायतीची मोजणी तालुक्याला होते. एकामागून एक गावे पुकारली जातात आणि सगळा खेळ काही मिनिटांचा असतो. तुमच्या गावाचे नाव पुकारले की प्रतिनिधी टेबलावर, हातात मतदानाच्या दिवशीची वही.

आधी सील आणि क्रमांक जुळवा. मग एकूण संख्या. त्यानंतर निकाल दाखवला जातो. स्थानिक निवडणुकीतली गुंतागुंत इथे आहे. समजा, प्रभागात तीन सदस्य निवडायचे आणि सरपंच थेट जनतेतून. एका मतदाराची चार मते होतात: जागा अ, ब, क आणि सरपंच. मशीन एकच, निकाल चार. कर्मचारी आकडे वाचतो, दुसरा लिहितो. अ जागेचा तिसरा उमेदवार संपून ब जागेचा पहिला कधी सुरू झाला हे गोंगाटात कळत नाही. चूक व्हायला यापेक्षा सोयीची जागा नाही. म्हणून एक माणूस फक्त डिस्प्लेकडे बघून लिहील, दुसरा फक्त पत्रकाकडे बघेल, अशी वाटणी करा. प्रतिनिधी एकच असेल तर त्याने डिस्प्ले बघावा. पत्रक नंतरही वाचता येते, डिस्प्ले पुढे सरकला की गेला.

आता ताळा. प्रत्येक जागेच्या सगळ्या उमेदवारांची मते अधिक नोटा, ही बेरीज मतदान केलेल्या मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त असूच शकत नाही. ६१२ जणांनी मतदान केले आणि जागा ब ची बेरीज ६३२ आली, तर कुठेतरी दशकाचा अंक चुकला आहे. हरकत तिथल्या तिथे. बेरीज कमी आली, तर काहींनी त्या जागेचे बटण दाबले नसेल किंवा आकडा चुकला असेल, तेही विचारा.

मात्र बेरजेवर पूर्ण भरवसा ठेवू नका. बुआना लाखूत दोघांचे आकडे अदलाबदल झाले होते. अदलाबदलीत बेरीज बदलत नाही. ती चूक ताळ्यात सापडत नाही, ती फक्त नाव आणि आकडा सोबत वाचला तरच सापडते. पत्रकावर सही करण्याआधी कर्मचाऱ्याला विनंती करा: ‘एकदा नावासकट वाचता का?’ आणि तुमच्या कागदावर बोट ठेवून ऐका. आणखी एक खूण असते. ज्या वस्तीत तुमच्या उमेदवाराचे पाच मतदार घरात आहेत तिथे त्याला दोन मते आणि विरोधकाच्या गल्लीत दीडशे, असा आकडा आला तर तो पुरावा ठरत नाही, पण पत्रक पुन्हा वाचायला लावण्याइतके कारण नक्की आहे.

फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधी द्यायचा, लेखी द्यायचा आणि कारण सांगून द्यायचा. तोंडी आरडाओरडा कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. अर्जाचे कोरे कागद घरूनच तयार करून न्या. मजकूर असा पुरे: ‘प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी. प्रभाग क्रमांक अमुक, जागा ब. मतदान केंद्राच्या हिशेबाप्रमाणे मतदान केलेले मतदार इतके. टेबलावरच्या पत्रकात या जागेची बेरीज इतकी. मशीनच्या डिस्प्लेवर आमच्या प्रतिनिधीने अमुक उमेदवारापुढे वाचलेला आकडा इतका, पत्रकात लिहिलेला इतका. निकाल जाहीर करण्यापूर्वी या मशीनचे वाचन सर्व प्रतिनिधींसमोर पुन्हा करावे.’ खाली सही, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका. पोच घ्या. अधिकारी अर्ज फेटाळणार असतील तर कारण लेखी द्यावे, असे त्याच अर्जात लिहा. ‘निकाल मान्य नाही, फेरमोजणी करा’ एवढ्या एका ओळीच्या अर्जाला कुठलाही अधिकारी भीक घालणार नाही, आणि घालूही नये. उद्या तोच अर्ज तुमच्या विरोधकाकडून येईल.

पंधरा दिवस

निकाल जाहीर झाला की अधिकाऱ्याच्या हातातले काम संपते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी यांमुळे स्थानिक निवडणुकीला आव्हान देण्याची वाट एकच उरते, निवडणूक याचिका. कलेक्टर कचेरीसमोर उपोषण करून निकाल बदलत नाही, आणि उपोषणात गेलेले दिवस मुदतीतून वजा होत नाहीत.

ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १५. निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज करायचा. हा अर्ज उमेदवारच करू शकतो असे नाही. त्या निवडणुकीत मत द्यायला पात्र असलेला कोणीही मतदार करू शकतो. वाद दोन उमेदवारांतला असेल तर न्यायालय मतांची छाननी आणि मोजणी करून ज्याची वैध मते जास्त त्याला निवडून आलेला घोषित करू शकते. जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी १९६१ च्या अधिनियमाचे कलम २७: मुदत तीच १५ दिवस, अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे. नगरपरिषद आणि नगरपंचायतीसाठी १९६५ च्या अधिनियमाचे कलम २१: इथे मुदत १० दिवसांची, आणि ती नावे राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची. उशीर माफ होईल असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नका. पहिल्या आठवड्यातच वकिलाकडे जा.

इथे बरेच जण माहिती अधिकारात फसतात. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात, तुमची मुदत १५ दिवसांत संपते. महिनाभराने कागद हातात येतो तोवर कोर्टाचे दार बंद झालेले असते. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण याचिका त्याच्यासाठी अडवू नका. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तहसीलमध्ये प्रमाणित प्रतींसाठी वेगळा अर्ज द्या: केंद्रनिहाय मतांचा हिशेब, टेबलावरचे पत्रक, अंतिम निकालपत्रक. आणि याचिकेसोबतच मशीन, नोंदवही व पत्रके आहेत तशी जपून ठेवण्याचा आदेश मागा. ती मशीन पुढच्या निवडणुकीसाठी लागतात. कोणी थांबवले नाही तर त्यांतला मजकूर पुसला जाणारच.

न्यायालय फेरमोजणी सहजासहजी देत नाही. १९६४ च्या रामसेवक यादव खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका एकच आहे: मताची गुप्तता महत्त्वाची, म्हणून नुसत्या संशयावर पेट्या उघडल्या जाणार नाहीत, नेमके काय चुकले, कुठे चुकले, त्याने निकालावर काय परिणाम झाला हे याचिकेत मुद्देसूद मांडावे लागेल आणि प्रथमदर्शनी पुरावा द्यावा लागेल. मला ही अट अन्यायाची वाटत नाही. पराभूत माणसाला प्रत्येक निकाल चुकीचाच वाटतो, आणि प्रत्येकाच्या समाधानासाठी मोजणी उघडली तर गावाला सरपंच कधीच मिळणार नाही. पण या अटीचा अर्थ समजून घ्या: ‘बूथ ६९ वर आकडे उलटे लिहिले’ हे वाक्य कोर्टात टिकते, ‘मशीनमध्ये गडबड आहे’ हे टिकत नाही. पहिले वाक्य लिहायला वही लागते.

चिठ्ठ्यांची पडताळणी काय सांगते

विधानसभेबद्दलही लिहायला हवे, कारण तिथले आकडे गावच्या वादात सर्रास वापरले जातात. चंद्राबाबू नायडू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ ला प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत लेखी अर्ज करून, खर्च भरून, पाच टक्के मशीनची मेमरी तपासून घेण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. एकाही ठिकाणी फरक आढळला नाही, असे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. त्यात आपल्या हिंगोली, कळमनुरी आणि वसमत या तीन मतदारसंघांची पंधरा केंद्रे आली.

याचा अर्थ किती घ्यायचा? राज्यभरातली एक टक्का मशीन चुकीची असती आणि चिठ्ठी टाकून १,४४० केंद्रे निवडली असती, तर एकही चुकीचे मशीन न सापडण्याची शक्यता सुमारे १९ लाखांत एक इतकी आहे. म्हणजे राज्यभर मोठा घोटाळा झाला असे म्हणणाऱ्याला या आकड्याला उत्तर द्यावे लागेल. पण हेच गणित एका मतदारसंघापुरते करा. ३०० केंद्रांपैकी तीन ठिकाणी चूक असेल, तर पाच केंद्रे तपासून ती सापडण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के. राज्याला पुरणारा नमुना एका मतदारसंघाला पुरत नाही, आणि गावात तर नमुना घ्यायला चिठ्ठ्याच नाहीत. विजयाचे अंतर जितके कमी, तितकी जास्त केंद्रे तपासावी, हे तत्त्व अमेरिकेतल्या काही राज्यांनी स्वीकारले; कोलोरॅडोने २०१७ पासून ते राज्यभर लागू केले. जॉर्जियात नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यक्षपदाची सुमारे ५० लाख मते हाताने पुन्हा मोजली गेली. विजेता तोच राहिला, पण फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका मोजायच्याच राहून गेल्या होत्या हे त्यातून कळले. तिथेही चूक माणसाचीच.

गावाने स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यावे, हा मार्ग मात्र धरू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन ३ डिसेंबर २०२४ ला तसे मतदान ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही आणि गुन्हे दाखल झाले. त्या लोकांच्या मनातली वेदना खरी होती. पण असे मतदान पार पडले असते तरी त्यातून काही सिद्ध झाले नसते: मतदार तेच नसतात, कोण कुणाच्या बाजूने आले हे सगळ्या गावाला दिसते, आणि हरलेल्या-जिंकलेल्याची खबर आधीच लागलेली असते.

सोसायटीत आणि बाजार समितीत

हाताने मोजणी शिकायची असेल तर ती आपल्या जिल्ह्यात अजून जिवंत आहे. सेवा सोसायट्या, बाजार समित्या, वसमतचा पूर्णा साखर कारखाना यांच्या निवडणुका मतपत्रिकेवर होतात. इथे कागद आहे, म्हणून इथे खरी पडताळणी करता येते आणि करून घ्यावी.

क्रम बदलू देऊ नका. पेटी उघडली की उमेदवारनिहाय काहीच मोजायचे नाही. आधी घडी न उघडता नुसत्या मतपत्रिका मोजायच्या आणि केंद्राध्यक्षांच्या मतपत्रिका हिशेबाशी जुळवायच्या. ते जुळल्यावरच वाटणी. प्रत्येक गठ्ठा ठरावीक संख्येचा, पंचवीस किंवा पन्नासचा, आणि बांधण्याआधी दुसऱ्याने उलटून पाहिलेला. सर्वात जास्त चूक होते ती दुसऱ्याच्या गठ्ठ्यात सरकलेल्या मतपत्रिकेची, म्हणून प्रत्येक गठ्ठ्याची वरची पत्रिका बघून समाधान मानू नका. संशयित आणि बाद पत्रिका वेगळ्या ठेवून शेवटी एकेक दाखवायला लावा: बाणफुलीचा शिक्का दोन चौकटींच्या रेषेवर पडलेला, जागांपेक्षा जास्त शिक्के मारलेले, पत्रिकेमागे केंद्राध्यक्षाची सही नसलेली. नियम एकाला लावला तसाच दुसऱ्याला लावला का, एवढेच बघायचे. काठावरच्या निवडणुकीत निकाल बाद पत्रिकांच्या त्या छोट्या ढिगातच असतो.

फेरमोजणी मंजूर झाली तर मोजणाऱ्यांची जोडी बदलून मागा, आणि पहिल्या मोजणीचा आकडा त्यांच्यासमोर उच्चारू नका. आकडा आधी कानावर पडला की थकलेला माणूस नकळत त्याच आकड्यावर येऊन थांबतो. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पाच-पाचच्या खुणा कराव्यात, तिसऱ्याने फक्त पत्रिका बघावी. सहकारी संस्थेच्या निवडणुकीचा वाद सहकार न्यायालयात जातो, आणि त्याची मुदत वेगळी आहे. ग्रामपंचायतीच्या १५ दिवसांशी तिची गल्लत करू नका.

गावाने एकत्र मागावे असे

काही गोष्टी एकट्या उमेदवाराला मिळणार नाहीत, गावाने मागितल्या तर मिळतील. येत्या ग्रामसभेत राज्य निवडणूक आयोगाच्या नावाने एक ठराव करा. त्यात तीन मागण्या असाव्यात. केंद्रनिहाय, जागानिहाय निकालाचे पत्रक मोजणीच्याच दिवशी तहसीलच्या फलकावर लावावे आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर. मोजणीच्या टेबलावर डिस्प्ले सर्व प्रतिनिधींना दिसेल असा मोठा पडदा असावा. आणि दोन उमेदवारांतले अंतर फार कमी असेल तिथे अर्जाची वाट न बघता मशीनचे वाचन दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून पुन्हा करून घ्यावे. यातल्या एकाही गोष्टीला नवे मशीन लागत नाही. अनेक जागांच्या मशीनसाठी व्हीव्हीपॅट लवकर आणावे ही चौथी मागणीही जोडा, पण पहिल्या तिन्ही तिच्यासाठी थांबवू नका.

ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी, हिंगोली यांनाही द्या, पोच घ्या. आणि निवडणूक जाहीर झाली की उमेदवारी अर्ज भरायच्या गडबडीत एजंटांची एक बैठक लावा: जुन्या निवडणुकीचे एक पत्रक समोर ठेवून प्रत्येकाकडून जागानिहाय बेरीज करून घ्या, मॉक पोलच्या वेळी काय लिहायचे ते सांगा, आणि प्रत्येकाच्या हातात दोन पेन द्या.